भाऊजींना टाइप बी डिसेक्शन, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको. खरंच नको?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. विषय आरोग्याचा आहे आणि मी जरा घाबरलेय, त्यामुळे लिहिताना पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

माझे थोरले दीर, वय ५६, कऱ्हाडजवळच्या गावात शेती करतात. बीपीची गोळी चालू होती, पण "मला काय होतंय" म्हणत दिवाळीनंतर बंद केलेली. गेल्या आठवड्यात उसाची ट्रॉली भरून झाली आणि दोन खांद्यांच्या मधोमध एकदम कळ आली. अशी कळ जन्मात आली नव्हती म्हणतात. गावातल्या दवाखान्यात ईसीजी नॉर्मल आला, पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री कळ पोटाकडे उतरली तेव्हा पुतण्याने गाडी काढली. कऱ्हाडात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने दोन्ही हातांचं बीपी घेतलं. उजव्या हाताचं २१०/११६ आणि डाव्याचं बरंच कमी. तिने थेट सीटी अँजिओला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला पाठवलं.

रिपोर्टात "स्टॅनफर्ड टाइप बी" डिसेक्शन आहे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा, एओर्टाचा, आतला थर फाटलाय. डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या जरा पुढून सुरू होऊन डाव्या किडनीच्या वरपर्यंत. आयसीयूत बीपी उतरवायला लॅबेटालॉलचं ड्रिप लावलं. आता दुखणं थांबलंय, बीपी ११०-११५ असतं, गोळ्यांवर आणलंय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशनची गरज नाही, दोन-तीन दिवसांत सोडू.

घरात दोन पक्ष पडलेत. पुण्याचा भाचा म्हणतो लगेच हलवा, हल्ली स्टेंट घालतात. जाऊबाई म्हणतात, शरीरातली सगळ्यात मोठी नस फाटलीय आणि हे गोळ्या कसल्या देतायत. मला विचारायचंय ते असं:

ऑपरेशन न करणं बरोबर आहे का? फाटलेलं आपोआप जुळतं का? दर तासाला एक-दोन टक्के पेशंट दगावतात असं मी वाचलं, ते खरं असेल तर भाऊजी कसे वाचले? आणि सासरेसुद्धा ५८व्या वर्षी शेतात अचानक गेले होते, तेव्हा "हार्ट फेल" एवढंच लिहिलं होतं. माझ्या मिस्टरांनी काही तपासून घ्यावं का?

झुंजार_७७

ताई, चर्चा करत बसू नका, आजच्या आज मुंबई गाठा. छोट्या गावात ऑपरेशनची सोय नसली की "गरज नाही" म्हणतात. आमच्या एका पाहुण्यांनी शिवाय अर्जुनसालीचा काढा चालू ठेवला होता, बीपी एकदम आटोक्यात.

पंपवाला

झुंजारराव, काढ्याचं राहू द्या. ज्याचं बीपी आत्ता गोळ्यांनी ११० वर आणून ठेवलंय त्याला त्यात भर घालून काय द्यायचं, हे त्याच्या डॉक्टरला ठरवू द्या.

ताई, मी डॉक्टर नाही. पर्फ्युजनिस्ट होतो, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन चालवणारा. नोकरी मुंबईत झाली, आता चिपळूणला असतो. डिसेक्शनची केस आली की रात्री-अपरात्री फोन यायचा, त्यामुळे हा आजार मी मशीनच्या बाजूने बराच पाहिलाय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: जेवढं तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून डॉक्टर बरोबर सांगतायत. ऑपरेशनची सोय नाही म्हणून हे म्हणत नाहीयेत. मुंबईतल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलातही अशा पेशंटला पहिल्यांदा हेच करतात.

एओर्टाच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडते, रक्त त्या चिरेतून भिंतीतच शिरतं आणि गोधडीची शिवण उसवत जावी तसे थर एकमेकांपासून सुटत जातात. मग रक्ताला दोन वाटा होतात, एक खरी आणि एक खोटी. ही उसवण हृदयाजवळच्या, छातीच्या पुढच्या भागात असेल तर टाइप ए. डाव्या हाताच्या धमनीच्या पलीकडे, पाठीकडच्या भागात असेल तर टाइप बी. ही विभागणी स्टॅनफर्डच्या सर्जननी १९७० मध्ये मांडली आणि आजही आयसीयूच्या दारात पहिला प्रश्न हाच असतो: ए की बी?

ए वाईट का, तर तिथे हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त फुटतं, झडप गळायला लागते, हृदयाच्याच धमन्या बंद पडतात, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या दबतात. त्यातलं काहीही मिनिटांत माणूस नेऊ शकतं. म्हणून ए म्हणजे ऑपरेशन, आणि तेही त्याच रात्री. बी मध्ये हे धोके नसतात. तिथे भीती असते ती खालच्या अवयवांना, म्हणजे किडनी, आतडी, पाय यांना रक्त कमी पडण्याची, किंवा एओर्टा फुगून फुटण्याची. यातलं काही दिसत नसेल तर उपाय म्हणजे बीपी खाली आणि नाडी साठच्या आत. बीपी १२० च्या खाली ठेवतात, नाडी कमी करायला बीटा-ब्लॉकर आधी देतात. हृदयाचा प्रत्येक ठोका त्या चिरेवर धक्का देत असतो, तो धक्काच मऊ करायचा. ही कल्पना १९६५ ची आहे, व्हीट नावाच्या अमेरिकन सर्जनची. कापणाऱ्यानेच सांगितलं की आधी औषध द्या.

आता आकड्यांकडे येतो, कारण तुमच्या भाच्याला आकडेच पटतील. १९९६ पासून 'आयरॅड' नावाची डिसेक्शनच्या पेशंटांची आंतरराष्ट्रीय नोंदवही चालू आहे, मिशिगन विद्यापीठातून चालते. सुरुवातीला बारा मोठी हॉस्पिटलं होती. त्यांच्या पहिल्या ४६४ पेशंटांचा अहवाल २००० साली आला: टाइप ए चं ऑपरेशन झालेल्यांत २६ टक्के हॉस्पिटलातच दगावले, ऑपरेशन न झालेल्यांत ५८ टक्के. टाइप बी मध्ये नुसत्या औषधांवर असलेल्यांत जेमतेम ११ टक्के, आणि पोट-छाती उघडून ऑपरेशन केलेल्यांत ३१ टक्के. अर्थात बी मध्ये ज्यांची अवस्था आधीच बिघडलेली होती तेच ऑपरेशनला जायचे, त्यामुळे दोष सगळा सुरीचा नाही. पण जाऊबाईंना हा आकडा जरूर सांगा.

मग २०१५ मध्ये त्यांनी सतरा वर्षांचा हिशोब मांडला, ४,४२८ पेशंट. टाइप ए मधले मृत्यू ३१ टक्क्यांवरून २२ वर आले. ऑपरेशन झालेल्यांत २५ वरून १८. हा फरक आमच्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी लागलो तेव्हा जांघेतल्या धमनीत नळी घालून पंप चालू करायचो. फाटलेल्या एओर्टात रक्त उलट्या दिशेने चढायचं. ते खोट्या वाटेत शिरलं की पंपावर प्रेशर छान दिसायचं आणि मेंदूला मात्र काही पोचत नसायचं. पेशंटला १८ अंशांपर्यंत गार करायचं, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या लावायच्या आणि पंप पूर्ण थांबवायचा. सर्जनच्या हातात तेवढ्या वेळासाठी कोरडी एओर्टा, आणि मी मोठ्याने मिनिटं मोजत बसायचो. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की भूलतज्ज्ञ माझ्याकडे बघायला लागायचे. पुन्हा गरम करायलाच तास-दीड तास, आणि तेवढ्या गारठ्यानंतर रक्त गोठायचं नाव घ्यायचं नाही. रक्तपेढीच्या मुलांशी भांडणं तेव्हाची.

नंतर उजव्या काखेजवळच्या धमनीतून नळी घालायला सुरुवात झाली. बाकीचं शरीर थांबवलं तरी मेंदूला त्याच वाटेने रक्त चालू ठेवता येतं. कपाळाला सेन्सर आले, मेंदूच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजन किती आहे ते स्क्रीनवर दिसायला लागलं. एवढं गार करायची गरज उरली नाही, २४ ते २८ अंशांवर काम भागतं. फाटक्या कडा फेल्टच्या पट्ट्यांमध्ये घेऊन शिवणं, डेक्रॉन या कृत्रिम कापडाच्या तयार फांद्या असलेल्या नळ्या, असं एकेक येत गेलं. एका कुठल्या शोधाने सात टक्के वाचले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय आधी ज्यांना "खूप म्हातारे, खूप आजारी" म्हणून परत पाठवायचे त्यांनाही घ्यायला लागले. टाइप ए मध्ये ऑपरेशन होणाऱ्यांचं प्रमाण ७९ वरून ९० टक्क्यांवर गेलं, आणि तरी मृत्यू घटले.

आणि आता तुमच्या भाच्यासाठी. त्याच सतरा वर्षांत टाइप बी मध्ये जांघेतून घालायच्या स्टेंटचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेलं. हॉस्पिटलातले मृत्यू? १२ होते, १४ झाले, म्हणजे फरक नाही असंच म्हणायचं. फुटणारी, पाय किंवा आतडी काळी पडत चाललेली बी असेल तर तो स्टेंट जीव वाचवतो, यात शंका नाही. ज्याचं दुखणं थांबलंय, लघवी नीट होतेय, पाय गरम आहेत, त्याला या आठवड्यात घाईने स्टेंट घालून पहिल्या महिन्यातला धोका कमी होतो असं दिसलेलं नाही. उलट स्टेंटचे स्वतःचे धोके आहेत. क्वचित उसवण मागे सरकून बी ची ए होते, पाय लुळे पडू शकतात, पक्षाघात होऊ शकतो.

तासाला एक-दोन टक्के, हे फक्त टाइप ए बद्दल आहे आणि जुनं आहे, ऑपरेशन फारसं होतच नव्हतं तेव्हाचं. आयरॅडनेच २०२२ मध्ये पुन्हा मोजलं. ऑपरेशन न झालेल्या ए मध्ये ४८ तासांत जवळपास २४ टक्के गेले, म्हणजे तासाला साधारण अर्धा टक्का. ज्यांना ऑपरेशनसाठी घेतलं त्यांच्यात तेवढ्याच वेळात साडेचार टक्क्यांच्या आत. भाऊजींना यातलं काहीच लागू नाही.

एक अवांतर. मी आयुष्यभर ज्या रोलर पंपाची मूठ धरली, तो वैद्यकीय वापरात रुळवला मायकेल डिबेकी या अमेरिकन सर्जननी, १९३० च्या दशकात, विद्यार्थी असताना. डिसेक्शनची पहिली यशस्वी ऑपरेशनं त्यांचीच, १९५०च्या दशकातली. त्याचे प्रकार पाडले तेही त्यांनी, स्टॅनफर्डवाल्यांच्या आधी. ३१ डिसेंबर २००५ ला, ९७ व्या वर्षी, त्यांच्याच छातीत कळ आली आणि हे काय आहे ते त्यांनी स्वतःच ओळखलं. हॉस्पिटलात जायला तयार नव्हते. शेवटी फेब्रुवारीत ह्यूस्टनला, त्यांच्याच जुन्या सहकाऱ्यांनी, बराच काथ्याकूट होऊन ऑपरेशन केलं. त्यानंतर दोन वर्षांहून जास्त जगले. आम्ही कँटीनमध्ये या बातमीवर चहा थंड होईपर्यंत बोललो होतो.

जुळतं का, याचं उत्तर: कधी खोटी वाट रक्त गोठून बंद होते आणि तेवढ्यावर भागतं. बहुतेकांत ती थोडीफार उघडीच राहते आणि वर्षानुवर्षं हळूहळू फुगू शकते. म्हणजे भाऊजींची खरी परीक्षा डिस्चार्जनंतर आहे.

बालाघाटचा_फिजिशियन

पंपवाल्यांचं सगळं मान्य, फक्त एक टोचणी. आयरॅडचे आकडे मोठ्या केंद्रांचे आहेत. जो पेशंट तिथपर्यंत पोचलाच नाही तो त्या वहीत नाही. आमच्या भागात टाइप ए चा पेशंट १०८ मधून जिल्ह्याला येतो, तिथून सीटीसाठी दुसरीकडे, तिथून सर्जन असलेल्या शहरात. २२ टक्के की १८ टक्के हा वाद त्यानंतर सुरू होतो. युरोप-अमेरिकेत सुधारणा दिसली त्यात पंपाइतकाच वाटा मला सीटीचा वाटतो. पहिली तपासणी म्हणून सीटी करणं त्या सतरा वर्षांत ४६ टक्क्यांवरून ७३ वर गेलं.

ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी पाठवलं, यात नवल नाही. पहिल्याच अहवालात जवळपास तिघांत एकाचा ईसीजी नॉर्मल होता. मला भीती उलट प्रकाराची वाटते. ईसीजीत थोडा बदल दिसतो, हार्ट अटॅक समजून अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं दिली जातात, कधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शनही. डिसेक्शनमध्ये ते विष. कळ एका क्षणात सुरू झाली का, सुरुवातीलाच सगळ्यात तीव्र होती का, जागा बदलली का, हे तीन प्रश्न आणि दोन्ही हातांचं बीपी, याला पैसे पडत नाहीत. कऱ्हाडच्या त्या मुलीला माझा नमस्कार कळवा. संशय कमी असेल तेव्हा डी-डायमर ही रक्ततपासणी कमी आली तर डिसेक्शन बहुतांशी बाजूला ठेवता येतं, २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात असे सुटलेले पेशंट ३०० मध्ये साधारण एकच होते. पण ज्याचा संशय दाट आहे त्याला डी-डायमरची वाट बघत बसवू नये, थेट सीटी.

ताई, तुमच्या मिस्टरांनी आणि भाऊजींच्या मुलांनी इको करून एओर्टाची रुंदी मोजून घ्यावी. भावाला डिसेक्शन आणि वडिलांचा ५८ व्या वर्षी अचानक मृत्यू, एवढं कारण पुरेसं आहे. आणि बीपी बघा. डिसेक्शनच्या दर चार पेशंटांत साधारण तिघांना बीपी असतं, मार्फनसारखे आनुवंशिक आजार थोड्यांनाच.

अजून एक, जे डिस्चार्ज कार्डावर कुणी लिहीत नाही: सर्दी-जुलाबाला मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन आणू नका. या गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये एओर्टाचा इशारा दिलाय. दुसरा पर्याय असेल तर तो घ्यावा. तंबाखू-मिश्री बंद, हे सांगायला नको.

टिकटिक_ठाणे

मी टाइप ए वाला. २०१९ मध्ये बेंटॉल झालं, म्हणजे झडप आणि एओर्टाचा सुरुवातीचा भाग दोन्ही बदललं. झडप धातूची, रात्री खोलीत शांत असलं की बायकोला ऐकू येते, त्यावरून हे नाव.

मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं ते एवढंच की ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला असं नसतं. पुढचा भाग बदलला, पण माझी उसवण पार पोटापर्यंत होती आणि तो भाग अजून तसाच आहे. म्हणजे मीसुद्धा आता भाऊजींच्याच रांगेत. दरवर्षी सीटी, वॉरफरिनसाठी (रक्त पातळ ठेवायची गोळी) रक्ततपासणी, आणि घरात बीपीचं मशीन. पहिले काही महिने शिंक आली तरी घाबरायचो. आता गोळीचा डबा भरणं आणि दाढी करणं एकाच वेळेला ठरवून टाकलंय, चुकत नाही.

भाच्याला सांगा, रागावू नको, पण स्टेंट नको म्हटलं म्हणून कुणी काकांना टाकून दिलेलं नाही.

कोयनाकाठ

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी. जाऊबाईंना वाचून दाखवलं, ३१ टक्के ऐकून गप्प झाल्या. भाचा मात्र म्हणतो, "पुढे फुगणारच असेल तर आत्ताच का नको?" रिपोर्टातले आकडे देते: एओर्टा जास्तीत जास्त ३६ मिमी, खोटी वाट १७ मिमी, चीर ६ मिमी. किडनीचं क्रिएटिनिन १.२. आणि भाऊजींचा एकच प्रश्न आहे, ट्रॅक्टर कधी चालवू?

पंपवाला

भाच्याचा प्रश्न चांगला आहे. युरोपात त्याचाच अभ्यास झाला, 'इन्स्टेड' नावाचा, स्थिर टाइप बी चे १४० पेशंट. अर्ध्यांना नुसती औषधं, अर्ध्यांना औषधं आणि स्टेंट. दोन वर्षांनी जगण्यात फरक नव्हता. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा एओर्टामुळे झालेले मृत्यू औषधवाल्यांत १९ टक्के आणि स्टेंटवाल्यांत ७ टक्के निघाले. एकूण मृत्यूंतला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. यावर सर्जन मंडळी अजून भांडतात. पण एक लक्षात घ्या, या अभ्यासात स्टेंट पहिल्या दोन आठवड्यांनंतर घातलेला होता. भिंत ताजी फाटलेली असताना ती फार नाजूक असते. म्हणून हल्ली ज्यांचा धोका जास्त दिसतो त्यांना दोन आठवडे ते तीन महिने या दरम्यान घालायचा विचार करतात.

धोका जास्त म्हणजे: एओर्टा ४० मिमीच्या वर, खोटी वाट २०-२२ च्या वर, चीर १० च्या वर, किंवा तीन-चार औषधं देऊनही बीपी न उतरणं, दुखणं पुन्हा येणं. तुमचे आकडे सगळे याच्या आत आहेत. हे कागद घेऊन पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या एओर्टाचं काम करणाऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या, पण पेशंटला न हलवता. सीटीची सीडी न्यायची, नुसता कागदी रिपोर्ट नाही. सर्जनला चित्रं स्वतः बघायची असतात. सीडीच्या दोन प्रती आत्ताच काढून घ्या, हॉस्पिटल नंतर देतंच असं नाही.

पुढचा सीटी एका महिन्याने, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दरवर्षी. मध्ये कधी तशीच कळ आली, पाय गार पडला, लघवी कमी झाली, पोटात सतत दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

ट्रॅक्टर पहिल्या सीटीनंतर डॉक्टरांना विचारून. ट्रॉली भरणं, पोती उचलणं, पंपाचं जड झाकण ओढणं हे मात्र गेलं म्हणायचं, श्वास रोखून जोर लावायचं कुठलंच काम नको. संडासला कुंथणंही त्यातच आलं, इसबगोल आणून ठेवा. चालणं रोज हवं.

झुंजार_७७

पंपवाले, काढ्याचं राहू द्या म्हणालात ते मान्य. माझं स्वतःचं बीपी गेल्या वर्षी १६० होतं, गोळी लिहून दिली होती, आणली नाही. उद्या आणतो.

पंपवाला

उद्या कशाला, मेडिकल दहापर्यंत उघडं असतं. पण जुन्या चिठ्ठीवर नको, आधी आज बीपी मोजा आणि डॉक्टरला दाखवून मगच.